शेवाळ उपटाल, पण टाकाल कोठे?

पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवण मागे पडले की डाव्या हाताला पाणी दिसू लागते. हा उजनी धरणाचा फुगवटा. याच पट्ट्यात डाळज नावाची गावे आहेत : डाळज नंबर एक, दोन आणि तीन. हिवाळ्यात या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, आणि ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे गाड्या करून येतात. उन्हाळ्यात पाणी ओसरते, पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि काठाचे पाणी हिरवे होते. त्या वेळी मात्र कोणी गाडी करून येत नाही.

अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडावर मी त्या भागातील एका शाळेत विज्ञानावर बोलायला गेलो होतो. वर्गाच्या कोपऱ्यात काचेची मासळीची टाकी होती. काचा हिरव्यागार आणि आत चिलापीची चार-पाच पिल्ले. व्याख्यान संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, शेवाळ मारायचे औषध कोणते?”

विद्यार्थिमित्रांनो, प्रश्न साधा होता. पण मला वाटते, आपण सगळेच तो चुकीचा विचारतो. शाळेच्या टाकीबाबत चुकीचा विचारतो आणि उजनीबाबतही.

औषध नाही असे नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी द्राक्षबाग असेल त्यांना मोरचूद ठाऊक असेल. चुन्याबरोबर मिसळून त्याचे बोर्डो मिश्रण करतात आणि वेलींवर फवारतात. मोरचुदातील तांब्याने शेवाळही मरते. ते माशांनाही बाधते, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. मेलेल्या शेवाळाचे पुढे काय होते? ते तळाशी बसते आणि कुजते. आपल्या अंगात साठवलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस ते पाण्याला परत करून टाकते. मग त्याच पाण्यात, त्याच खतावर, नवे शेवाळ उगवते. आपण फक्त मधले काही दिवस स्वच्छ काचेकडे पाहून समाधान मानलेले असते.

मुळात पाण्यात हे खत आले कोठून? टाकीच्या बाबतीत उत्तर आपल्या हातात असते, अगदी शब्दशः. आपण चिमटीने जे खाद्य टाकतो, तेच ते खत. मासा खाद्य खातो, त्यातले काही अंगी लावतो आणि उरलेला नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. पाण्यातील जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी असतात; नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. म्हणून बाजारातील बहुतेक गाळण्या नायट्रेटपाशी थांबतात. नायट्रेट साचत राहते आणि आपण आठवड्याला थोडे पाणी उपसून गटारात ओततो. टाकी स्वच्छ होते. पण गटार कोठे जाते, हे आपण विचारत नाही.

उजनीच्या बाबतीत उत्तर लांबून येते. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांतून किंवा त्यांच्या कडेने वाहतात आणि शेवटी भीमेला मिळतात. शहरांचे सांडपाणी त्यांच्याबरोबर येते. त्यात वाटेवरच्या शेतांतून वाहून आलेले खतही मिसळते. आपल्या काठाला उगवणारे शेवाळ या मिळकतीवर पोसलेले असते. तेव्हा शेवाळ हा रोग नव्हे. ती नोंद आहे. पाण्यात किती खत पडले, याची ती हिरव्या शाईने केलेली नोंद म्हणा.

नोंद खोडण्यापेक्षा तिचा उपयोग करावा, हे एका शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी हे सागरी शेवाळांचे अभ्यासक होते. प्रवाळाच्या खडकांवर आखूड गवतासारखे शेवाळ वाढते आणि आजूबाजूच्या पाण्यातील पोषकद्रव्ये झपाट्याने शोषून घेते, हे त्यांनी पाहिले होते. तेच शेवाळ एका जाळीवर वाढवायचे, त्यावरून टाकीचे पाणी सतत वाहू द्यायचे आणि ठराविक दिवसांनी जाळी खरवडून शेवाळ टाकीच्या बाहेर काढायचे, अशी युक्ती त्यांनी रचली. तिचे एकस्व त्यांना १९८२ साली मिळाले. आपण तिला शेवाळगाळणी म्हणू.

या युक्तीचा सगळा प्राण शेवटच्या चार शब्दांत आहे : शेवाळ टाकीच्या बाहेर काढायचे.

अशी गाळणी शाळेत करता येते. मी एक घरी केली आणि नंतर मुलांबरोबर दुसरी केली. जाळीसाठी शेडनेटचा तुकडा दुहेरी घेतला. डाळिंबाच्या नाहीतर ढोबळी मिरचीच्या शेतावर तो सहज मिळतो. त्यावर करवतीचे पाते घासून तो चांगला खरबरीत केला, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर शेवाळाचे पाय ठरत नाहीत. जाळी १५ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद. वर अर्ध्या इंची पीव्हीसी नळी. तिच्या तळाला जाळीच्या रुंदीएवढी बारीक फट, आणि त्या फटीत जाळीची वरची कड अडकवलेली. कूलरमध्ये असतो तसला १८ वॉटचा छोटा पंप टाकीतले पाणी नळीत चढवतो आणि पाणी दोन्ही बाजूंनी पातळ पडद्यासारखे जाळीवरून घसरत टाकीत परत येते. भोवती अपारदर्शक डबा. त्याला तळाशी मोठे भोक ठेवावे, बारीक ठेवू नये. सुटलेला शेवाळाचा पुंजका बारीक भोक बुजवतो आणि मग टाकीतले पाणी वर्गात येते. हे अनुभवाने सांगतो.

बी म्हणून गुरांच्या हौदाच्या भिंतीवरचे तंतूसारखे शेवाळ चिमूटभर आणून जाळीवर चोळावे. उन्हाळ्यात फुगवट्याच्या काठाला जी रंगासारखी हिरवी साय येते ती आणू नये. त्यात नीलहरित जातीचे सूक्ष्मजीव असू शकतात आणि त्यांतले काही विष तयार करतात. कोणतेही शेवाळ हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, हे वेगळे सांगायला नको.

आता दिवे. इथे माझा विषय येतो, तेव्हा जरा रेंगाळतो.

शाळेतील एका शिक्षकांनी मला विचारले, “डाळजला ऊन काय कमी आहे? दिवे कशाला?” प्रश्न रास्त आहे. ऊन फुकट आहे आणि मोठ्या गाळण्या उन्हावरच चालतात. पण टाकी उन्हात ठेवली की पाणी तापते आणि जाळीबरोबर काचाही हिरव्या होतात. आपल्याला शेवाळ हवे आहे, पण आपण नेमून दिलेल्या जागी. जेथे उजेड तेथे शेवाळ. म्हणून उजेड फक्त जाळीवर पाडायचा आणि टाकी सावलीत ठेवायची. शिवाय उजेड मोजता आला तर हिशेब करता येतो, आणि माझा खरा स्वार्थ त्या हिशेबात आहे.

कोणत्या रंगाचे एलईडी घ्यावेत? मुले पांढरे घ्या म्हणतात, कारण ते डोळ्यांना झगझगीत दिसतात. पण पाहणारे डोळे आपले आहेत, शेवाळाचे नव्हेत. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश चांगला शोषते, हिरवा कमी शोषते. म्हणून तर ते हिरवे दिसते. मग निळा घ्यावा की तांबडा? प्रकाशसंश्लेषणाचा व्यवहार नगांवर चालतो. एक प्रकाशकण म्हणजे फोटॉन शोषला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या कणाची ऊर्जा सुमारे २.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या कणाची सुमारे १.८८. निळ्या कणातील जादा ऊर्जा हरितद्रव्याच्या कामी येत नाही. तिची क्षणात उष्णता होते. म्हणजे सारख्याच ऊर्जेत तांबडे कण जवळजवळ दीडपट मिळतात. बसचे तिकीट दहा रुपयांचे असेल, तर पंधराची नोट देऊन प्रवास लांबत नाही आणि सुटे पैसेही परत मिळत नाहीत, असा हा प्रकार. (पंधराची नोट नसते, हे मला ठाऊक आहे.)

म्हणून ६६० नॅनोमीटरचे गडद तांबडे एलईडी घेतले. डोळ्यांना ते मंद वाटतात, पण त्यांच्याकडे टक लावून पाहू नये. प्रत्येकावर साधारण २.१ व्होल्ट पडतात. चार एकसरीत जोडले की ८.४ व्होल्ट. बारा व्होल्टच्या अडॅप्टरमधून उरलेले ३.६ व्होल्ट एका रोधावर टाकायचे. प्रवाह ०.३ अँपिअर हवा, तर ओहमच्या नियमाने रोध १२ ओहम. त्यात सुमारे १.१ वॉट उष्णता होते, म्हणून ५ वॉटचा तारेचा रोध घ्यावा. तीन दशांश वीज रोधात वाया जाते, असे कोणी म्हणेल. जाते. पण एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो, प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो. रोध या चढाओढीला लगाम घालतो. दिवे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावेत, म्हणजे उष्णता निघून जाईल. अशी एक माळ जाळीच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. अडॅप्टर टाकीपासून दूर आणि उंचावर ठेवावा. पंपाच्या वायरीला प्लगच्या खाली झोका द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगात न शिरता झोक्यावरून खाली टपकेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा. विजेचे हे काम शिक्षकांच्या देखत करावे.

आता हिशेब. दोन माळांतील एलईडींना मिळून सुमारे ५ वॉट मिळतात. त्यांतला निम्मा प्रकाश झाला असे धरू : अडीच वॉट. तांबड्या कणाची ऊर्जा सुमारे ३ × १०⁻¹⁹ ज्यूल. भागाकार केला तर सेकंदाला ८ × १०¹⁸ कण. दिवे १६ तास लावले तर दिवसाला जवळजवळ ४.८ × १०²³ कण. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? रसायनशास्त्रातील अ‍ॅव्होगॅड्रो संख्येच्या तो जवळपास चार-पंचमांश आहे. म्हणजे आपल्या जाळीवर रोज पाऊण मोलाहून अधिक प्रकाश पडतो. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला कमीत कमी आठ कण लागतात; तेव्हा आदर्श स्थितीत ०.१ मोल, म्हणजे १.२ ग्रॅम कार्बन. प्रत्यक्षात काही प्रकाश डब्यात वाया जातो, काही परावर्तित होतो आणि शेवाळ स्वतःही श्वसन करते. एक-तृतीयांश पदरी पडले असे धरू. म्हणजे ०.४ ग्रॅम कार्बन. वाळलेल्या शेवाळात कार्बन चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून साधारण १ ग्रॅम वाळलेले शेवाळ.

दुसऱ्या बाजूने या. पाच लहान पिल्लांना रोज अर्धा ग्रॅम खाद्य घातले आणि त्यात ३२ टक्के प्रथिने असली, तर प्रथिने झाली १६० मिलिग्रॅम. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २६ मिलिग्रॅम. त्याचा एक-तृतीयांश माशांनी ठेवला, तर १७ मिलिग्रॅम पाण्यात आला. वाळलेल्या शेवाळात ४ टक्के नायट्रोजन धरला, तर तो उचलायला सुमारे ०.४३ ग्रॅम शेवाळ हवे. जितके खाद्य आत, जवळजवळ तितकेच वाळलेले शेवाळ बाहेर! ओले पिळलेले शेवाळ म्हणाल तर त्याच्या दहापट, कारण त्यात बहुतेक पाणीच असते. दिवे एक ग्रॅमपुरते आहेत आणि गरज अर्ध्या ग्रॅमहून कमी आहे. तेव्हा गाळणी पुरेशी आहे. हे सारे आपण जाळी पाण्यात घालण्यापूर्वी कागदावर सांगू शकलो. मासे मोठे झाले आणि खाद्य तिप्पट झाले की ती अपुरी पडेल, हेही सांगू शकतो.

वीजबिलाचे पाहिले तर गंमत आहे. दोन्ही माळा अडॅप्टरमधून ७ वॉटच्या आसपास घेतात. १६ तासांचे महिन्याला साडेतीन युनिट. पंप मात्र अहोरात्र चालतो, त्याचे तेरा युनिट. सगळे लक्ष दिव्यांकडे आणि वीज खातो पंप!

आता माझी फजिती. पहिली गाळणी घरी चालवली तेव्हा जाळीवर इतके दाट, लुसलुशीत शेवाळ आले की ते खरवडायला जीव होईना. आल्या-गेल्याला दाखवत राहिलो. तीन आठवडे गेले. वरच्या थराने खालच्याचा उजेड अडवला, खालचा थर मेला आणि जाळीवरची त्याची पकड सुटली. एका रात्री सगळा गालिचाच टाकीत कोसळला आणि पंपात अडकला. पंप बंद, पाणी स्तब्ध आणि आत कुजायला लागलेला ढीग. सकाळी पाचांपैकी चार मासे वर तरंगत होते. पुस्तकात वाचलेले होते, वर्गात सांगितलेलेही होते. तरी हौसेपोटी मी नोंदच सजवत बसलो आणि शेवाळ बाहेर काढण्याचे मुख्य काम विसरलो. मुलांच्या गाळणीला म्हणूनच एक नियम घातला : दर शनिवारी जाळी खरवडायची. फार घासायचे नाही. मुळाशी थोडे ठेवायचे, म्हणजे पुन्हा वाढ होते.

या प्रयोगाविरुद्ध शिक्षकांचा एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो : दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत शनिवारी शाळेत कोण येणार? जिवंत प्रयोगाला सुट्टी नसते. थर्माकोलचा नमुना रंगवला की तो कपाटात ठेवता येतो आणि पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनालाही चालतो. टाकीचे तसे नाही. माझे मत असे की, सुट्टीतली पाळी लावण्याची तयारी नसेल, तर शाळेने मासे पाळूच नयेत. तयारी असेल तर पाळीची वहीच प्रयोगाची वही होते. तिच्यात दोनच रकाने पुरेत : आत गेलेले खाद्य ग्रॅममध्ये आणि बाहेर आलेले वाळलेले शेवाळ ग्रॅममध्ये. शाळेतला तराजू अर्धा ग्रॅम नीट दाखवत नसेल, तर महिन्याचे खाद्य एकदम तोलून ठेवावे आणि शेवाळही महिन्याचे एकत्र वाळवून तोलावे.

दोन्ही रकाने जुळणार नाहीत. अगदी जुळले तर मला संशय येईल. काही नायट्रोजन तळाच्या गाळात बसतो. काही जीवाणू तो वायुरूपात हवेत सोडतात. काही काचेवरच्या शेवाळात जातो, आणि चिलापी संधी मिळाली की जाळीवरून सुटलेले शेवाळ खाऊन टाकते. तफावत कशाची, हे शोधण्यात एक वर्ष सहज जाईल.

आणि उजनी? त्या मुलीचा पुढचा प्रश्न हाच होता : “मग अशा जाळ्या धरणात लावल्या तर?” आकडा मांडून पाहू. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे जवळजवळ ३.३ लाख कोटी लिटर. धरण भरलेले असताना लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम नायट्रोजन काढायचा असे गृहीत धरले, तरी तो ३,३०० टन होतो आणि त्यासाठी ८० हजार टनांहून जास्त वाळलेले शेवाळ काढावे लागेल. ओले म्हणाल तर आठ लाख टन. तेही एकदाच काढून भागणार नाही, कारण वरून रोज नवे येतच आहे. फ्लोरिडात शेतांतून आणि वस्त्यांतून येणाऱ्या पाण्यासाठी काही एकरांचे उतार बांधून, त्यांवर उन्हात शेवाळ वाढवून यंत्राने काढण्याचे प्रकल्प झाले आहेत. ते धरणात नव्हे, तर पाणी येते त्या वाटेवर बसवतात. जाळी जेथे घालायची ती जागा डाळजच्या काठावर नाही. ती वर, नाल्यांच्या आणि सांडपाण्याच्या तोंडाशी आहे. हिरवे पाणी मात्र डाळजला दिसते, आणि ते जाळे टाकणाऱ्या मच्छीमारांच्या वाट्याला येते. खत टाकणारा एकीकडे आणि शेवाळ पाहणारा दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. ती मला अन्यायाची वाटते, आणि शंभर किलोमीटर वरच्या शाळांतील मुलांनीही अशी टाकी ठेवून अशी वही लिहावी, असे म्हणूनच वाटते.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पहिल्या शनिवारी मुलांनी जाळी खरवडली, मूठभर हिरवा गोळा निघाला आणि एक मुलगा तो घेऊन सवयीने मोरीकडे निघाला. मोरीचे पाणी ओढ्याला आणि ओढ्याचे पाणी फुगवट्याला. त्याला थांबवले. आता तो गोळा पत्र्यावर वाळवतात, तोलतात आणि शाळेच्या आवारातल्या पेरूच्या आळ्यात टाकतात.